कातडी मागं जात नाही म्हणून लगेच सुंता नको

ताई, एवढ्याशा लेकराच्या शूच्या जागेची पुढची कातडी मागं जात नाही म्हणून लगेच सुंता कायला करायची, जन्मतः ती आतून चिकटलेलीच असते आणि हळूहळू आपोआप सुटते, कुणाची तीन वर्षांत तर कुणाची पार वयात येईस्तोवर. शू करताना जरा फुगली पण धार नीट असली तर बहुतेक वेळा टेन्शनचं कारण नसतं. मला खरी भीती वाटते मालिशवाल्या मावशींची. खोबरेल लावून रोज ती कातडी मागं ओढतात, त्यानं बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आवळते आणि मग खरंच ऑपरेशनची वेळ येऊ शकते! सासूबाईंसमोरच स्पष्ट सांगा, वरून कोमट पाण्यानं धुवा, बास.

धर्मानं खतना करायचाच असेल तर तो घरचा निर्णय, त्यात बाहेरच्यानं बोलू नये. पण न्हाव्याकडून नको, सर्जनकडूनच, जागा बधिर करून. जन्मल्यावर रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय का, घराण्यात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, हे आधी बघा. आणि शूचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर थांबाच, ते दुरुस्त करायला तीच कातडी लागू शकते.

धार बारीक झाली, शू करताना लेकरू कळवळलं, ताप आला तर संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या लहान मुलांच्या सर्जनला दाखवा, मोठ्या पोरांचं तर पुष्कळदा नुसत्या मलमावर भागतं.