छातीच्या ऑपरेशनआधी पोटाचा सीटी अँजिओ कशाला? कॅन्सर पोटात उतरला असेल का?

तुमचा प्रश्न असा की, ताईचं स्तन काढलं, किमो झाली, शेक (रेडिएशन) झाला, आता नवीन स्तन तयार करायचं ठरलंय, आणि प्लास्टिक सर्जननी छाती सोडून पोटाचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, लिहून दिलाय. कॅन्सर पोटात गेल्याचं डॉक्टर लपवत तर नाहीत ना?

चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, तर हा स्कॅन कॅन्सर शोधायचा नाही. तो शोधायचा असता तर पेट-सीटी किंवा छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी लिहिला असता. तुमच्या चिठ्ठीवर अँजिओग्राफीच्या पुढे 'डीआयईपी' (पोटाच्या चामडी-चरबीचं स्तन करायचं ऑपरेशन) किंवा 'परफोरेटर' (स्नायूतून चरबीत जाणारा रक्तवाहिनीचा बारीक फाटा) असं काही खरडलेलं असेल, बघा.

मी नागपुरात सीटी मशीनवर टेक्निशियन आहे, माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. हाच प्रश्न बाया मला टेबलावर झोपल्या झोपल्या विचारतात. "बाई, मायं दुखणं छातीचं, अन् पोट काऊन पाहून रायले तुमी?"

तर पोट पाहायचं कारण असं. बेंबीखालची चामडी आणि चरबी उचलून तिचंच स्तन करतात. ती जिवंत राहायला तिच्यासोबत रक्तवाहिनी न्यावी लागते आणि छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. जांघेकडून एक धमनी पोटाच्या सरळ स्नायूमागून वर चढते, आणि तिचे बारीक फाटे स्नायूला भोक पाडून चरबीत शिरतात. संत्र्याच्या बागेत ड्रिपची मेन लाइन मातीखाली असते आणि लॅटरल (बाजूच्या बारीक नळ्या) कुठे फुटल्यात ते वरून कळत नाही, तसंच. फरक इतकाच की हे फाटे प्रत्येक बाईत वेगळ्या जागी असतात, डाव्या-उजव्या बाजूलाही सारखे नसतात. चांगला फाटा एखाद-दोन मिलिमीटर जाडीचा. रिपोर्टात तो बेंबीपासून किती सेंटिमीटर डावी-उजवीकडे, किती खाली, असा मोजून लिहितात, आणि सर्जन त्याच मापाने पोटावर खुणा करतात. पूर्वी स्नायूच कापून सोबत नेत. मग पोट कमजोर व्हायचं, हर्निया व्हायची भीती असायची. स्नायू जागेवर ठेवून स्तन करायची पद्धत 1990 च्या दशकात आली, आणि फाटे आधीच सीटीवर पाहून घ्यायची पद्धत 2006 च्या सुमारास बार्सिलोनाच्या सर्जननी पुढे आणली. नकाशा हातात असला की आत शोधाशोध कमी, भूल कमी वेळ.

आता खरं महत्त्वाचं. पोटावरचा प्रत्येक जुना टाका सांगा. आपल्याकडे बाया कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन हे ऑपरेशनच धरत नाहीत! "आधी काही ऑपरेशन?" म्हटलं की "नाही". आणि गाऊन घातला की बेंबीखाली व्रण. सीझरचा आडवा व्रण असला तर बहुतेक वेळा अडत नाही. पण बेंबीखाली मधोमध उभा व्रण असेल, तर रक्त एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नीट ओलांडत नाही आणि अर्धंच पोट वापरता येऊ शकतं. अपेंडिक्स, पित्ताशय, हर्निया, सगळं सांगा. जुने डिस्चार्ज कार्ड सापडले तर आणा, नाहीतर तोंडी तरी सांगा.

हात डोक्यावर नेऊन झोपायचं असतं. शेक घेतलेला खांदा बऱ्याच जणींचा आखडलेला असतो, म्हणून ताईचा हात किती वर जातो ते घरीच बघून ठेवा; जात नसेल तर आम्हाला सांगा, उशी लावून सोय करतो. परकराची नाडी कमरेला आवळलेली नको. चामडी दबली तर वरचे बारीक फाटे दबतात आणि चित्र बिघडतं. निऱ्यांची सेफ्टी पिनही काढा. सुई काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला टोचू देऊ नका, आधीच सांगा. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सुईतून औषध देतात; ते आत गेलं की अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते खरं नसतं, आणि लगेच उतरतं.

औषध आयोडीनचं आहे आणि किडनीतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी) आधी करतात. शुगरची मेटफॉर्मिन, दमा, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या असतील तर ते सांगायचं. किती तास उपाशी राहायचं हे सेंटर सांगेल तेवढंच पाळा, त्यावर चतुर्थीचा उपास जोडू नका. पाणी बंद करायला सांगितलं नसेल तर पीत राहा. मे महिन्यात एसटीतून सुकत येणाऱ्या बायांची मला जास्त काळजी वाटते.

माझं मत विचाराल तर एक प्रश्न सर्जनना आधी विचारा, "पोटाचं मांस वापरणार की पाठीचं?" पाठीचं किंवा सिलिकॉनचं ठरलं असेल तर या स्कॅनची सहसा गरजच नसते. आणि पोटाचंच असेल तर स्कॅन ऑपरेशन होणार तिथेच करा. तालुक्याला पैसे कमी लागतात हे खरं, पण तिथे साधा पोटाचा सीटी काढून दिला, तर चित्राचे काप जाड येतात, औषधाची वेळ चुकते, फाटे दिसत नाहीत आणि परत पैसे जातात. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

एखादा लिव्हरमधला पाण्याचा फुगा वगैरे रिपोर्टात लिहिलेला दिसला तर घाबरू नका, तो बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. तरी ताईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाच. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षभरात झाली नसेल तर तीही सोबत विचारून घ्या, तो वेगळा विषय आहे.

आणि फिल्म गुंडाळून आणण्यापेक्षा सीडी मागून घ्या. फाटे मोजायला सर्जनना तीच लागते.