सिस्टर, ‘अय्यो’ म्हणा ना!

प्रश्न : आमच्या शेजारी केरळच्या एक सिस्टर राहतात, इथल्याच एका दवाखान्यात नोकरीला. माझी मुलगी तिसरीत आहे. टीव्हीवर मसाल्याची एक जाहिरात लागते. त्यात तोंडाला काळं फासलेला लुंगीवाला डोळे गरागरा फिरवत ‘अय्यो अय्यो’ करतो. परवा जिन्यात हिने सिस्टरना तसंच करून दाखवायला सांगितलं. त्या हसल्या, पण लगेच आत गेल्या. सासूबाई म्हणतात, जाहिरातच ती, एवढं काय मनावर घ्यायचं! मी उगाच बाऊ करतेय का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बाऊ अजिबात नाही. मुलीला मात्र रागावू नका. तिने पाहिलं तेच मागितलं.

मी जाहिरातींना आवाज द्यायचं काम केलंय. स्टुडिओत काचेपलीकडून सूचना यायची, ‘‘जरा साउथ टाका.’’ चेन्नई की कोची, कुणी विचारत नसे. एकदा खरोखरच्या मल्याळी बाई आल्या, स्वच्छ हिंदी बोलल्या. त्यांना परत पाठवून काम दादरच्या एका मुलाला दिलं! वीस-तीस सेकंदांत माणूस ओळखू यायला हवा, म्हणून आयती सोंगं काढतात. पगडी दिसली की बल्ले बल्ले, गुरखा आला की ‘शाबजी’, आफ्रिकेचा माणूस असेल तर कमरेला पानं आणि हातात भाला. यात दुष्टपणा क्वचित असतो, आळस मात्र भरपूर.

रंगाचं तर विचारूच नका. सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होते आणि हवाई सुंदरीची नोकरी मिळवते, अशी एक जाहिरात होती. जनवादी महिला संघटनेने तिच्याविरुद्धची तक्रार लावून धरली, तेव्हा कुठे ती २००३ मध्ये बंद झाली. सावळी व्यक्ती दुःखी, नाकारलेली दाखवायची नाही, हे जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय, जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था) लिहून दिलं ते २०१४ मध्ये. (आपण काळारामापुढे हात जोडतो, हा मुद्दा सासूबाईंपुढे काढू नका. देव वेगळा नि सून वेगळी, हे उत्तर तयारच असतं.)

आता ती जाहिरात लागली की आवाज बंद करा आणि लेकीला विचारा, यात मसाला विकत कोण घेतंय आणि हसं कुणाचं होतंय? मुलं चटकन पकडतात. सिस्टरकडे आधी तुम्ही एकट्या जा. झालं ते आम्हाला आवडलं नाही, एवढं सांगा आणि चहाला बोलवा. मुलीला पुढे करून ‘सॉरी’ वदवून घेऊ नका.

तक्रारही जरूर करा. परिषदेच्या संकेतस्थळावर ती फुकट करता येते. वाहिनी, तारीख, वेळ आणि मसाल्याचं नाव टिपून ठेवा. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत सातवा नियम आहे : वंश, जात, रंग, पंथ, राष्ट्रीयत्व यांची टिंगल करणारी जाहिरात चालत नाही. त्या यादीत ‘प्रांत’ नाही, म्हणून लुंगीवर फार लिहीत बसू नका. तोंडाला फासलेल्या काळ्या रंगावर बोट ठेवा.