बॉल पायथन ओकला तर लगेच दुसरा उंदीर देऊ नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि जुनी वही उघडल्यासारखं झालं. बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या बिनविषारी अजगराचं, पिल्लू घरी येऊन तीन आठवडे झालेत, वजन १८० ग्रॅम. ते ठेवलेल्या टबाचं झाकण उचललं की मान वळवून फुसकारतंय, दोनदा हातावर झेप घेतली. सवय लागावी म्हणून तू रोज अर्धा तास बाहेर काढतोयस. रविवारी उंदीर खाल्ला, सोमवारी कॉलेजची पोरं बघायला आली म्हणून काढलास, मंगळवारी सकाळी टबात अर्धवट पचलेला उंदीर. बुधवारी 'उपाशी राहू नये' म्हणून दुसरा दिलास, तोही बाहेर.

भावा, पाण्याचं भांडं केवढं, झाकणाला क्लिप कसली, यात मी शिरत नाही, ते तू केलेलंच असशील. साप माणसाळत नाही हा प्रश्न नंतर घेऊ. बुधवारचा उंदीर ही खरी घोडचूक. माझीही तीच झाली होती आणि तिनं साडेचार महिने घालवले, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

साप भक्ष्य अख्खं गिळतो आणि दोन-तीन दिवस ते पोटात फुगवटा म्हणून बसतं. त्या काळात त्याला नीट पळता येत नाही. भीती वाटली की तो ओझं टाकून हलका होतो. उंदीर बहुतेक वेळा डोक्याकडून गिळलेला असतो, त्यामुळं ओकलेल्या उंदराचं डोकं विरघळलेलं आणि शेपटीकडची बाजू जवळपास शाबूत दिसते. तुझ्या फोटोत तसंच आहे, म्हणजे ती विष्ठा नाही. आता मुद्दा असा की ओकताना पोटातलं आम्ल घशातून येतं आणि आतलं अस्तर भाजतं. पचनाचे रस आणि पचनाला मदत करणारे जंतूही बाहेर पडतात. वरून साप ठणठणीत दिसतो, भूकही दाखवतो, आणि तिथंच आपण फसतो. भाजलेल्या पोटात लगेच दुसरा उंदीर गेला तर तोही परत येतो. तिसऱ्यांदा असं झालं तर एवढ्या लहान पिल्लाचं वजन इतकं उतरतं की वाचवणं कठीण.

म्हणून आजपासून मोजून चौदा दिवस काही द्यायचं नाही. फक्त ताजं पाणी. मग पहिलं जेवण नेहमीच्या निम्मं, तुझ्या सापाला ८ ते १० ग्रॅमचं उंदराचं पिल्लू. ते टिकलं तर आठ-दहा दिवसांनी १२ ग्रॅम, पुढं १५, मग वजनाच्या १० ते १५ टक्के या नेहमीच्या हिशेबावर, म्हणजे १८ ते २७ ग्रॅम. अशी तीन जेवणं पोटात राहिल्याशिवाय साप हातात घ्यायचा नाही. पोरांना सांग, सिनेमा बघा. निम्मं दिल्यावरही ओकला तर मात्र वाट बघू नकोस, विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टर गाठ. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडं म्हशी-कुत्र्यांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, साप तपासणारा शोधावा लागतो. जायच्या आधी फोन करून 'साप बघता का' एवढं विचार, नाहीतर डबा घेऊन परत यायची पाळी.

ओकण्यामागं हाताळणी असतेच, पण उष्णताही बघ. गरम कोपऱ्यात सापाच्या पोटाखाली ३१ ते ३२ अंश हवेत, गार बाजूला २६ च्या आसपास, आणि रात्री गार बाजू २४ च्या खाली जायला नको. हीट मॅट, म्हणजे टबाखालची तापणारी चटई, चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) तू टबात भुशावर मोकळा टाकलायस. साप तो ढकलून गार जागी नेतो किंवा त्यावर पाणी सांडतं. मग थर्मोस्टॅटला वाटतं टब गार पडला, आणि हीट मॅट तापतच राहते. पोटाखालचे खवले लालसर-तपकिरी दिसले तर भाजल्याची शंका घे. प्रोब टबाच्या बाहेरून, मॅट आणि तळ यांच्या मधे बसव, अॅल्युमिनियम टेपनं पक्का कर, आणि आतला तळ इन्फ्रारेड थर्मामीटरनं तीन-चार वेळा मोजून थर्मोस्टॅटचा आकडा ठरव. टबाच्या आत मात्र चिकटपट्टीचा तुकडाही नको. सापाच्या अंगाला चिकटली की सोडवताना खवले निघतात.

आता भीतीचं. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ मुलखातला, दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहणारा. तुझ्या टबात एकच लपायची जागा, तीही एवढी मोठी की आत साप कुठंच टेकत नाही. पाठ, दोन्ही बाजू आणि छत अंगाला लागलं तर तो निवांत. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून मातीच्या दोन छोट्या कुंड्या आण, आतून १५ सेंटिमीटरच्या आसपास. कडेला सापापेक्षा जरा मोठं तोंड कापून सँडपेपरनं घास. एक गरम कोपऱ्यात, एक गार. अगदी सारख्या, म्हणजे उबेसाठी आसरा सोडावा लागणार नाही. पण कुंडीच्या बुडाचं पाण्याचं भोक आधी सिमेंटनं बुजव आणि सिमेंट पूर्ण वाळू दे. साप त्यातून डोकं घालतो, निम्मं अंग जातं, मग खवले उलटे अडकतात आणि मागं येता येत नाही. पुढं फोडायची ती कुंडी, तीही साप अडकलेला असताना.

हात लावायला सुरुवात करशील तेव्हा आठवड्यातून दोनदाच, पाच मिनिटं. रोज काढणं म्हणजे सवय लागणं नव्हे, माझ्या मते ती नुसती छळवणूक. महिनाभरानं पंधरा मिनिटांपर्यंत जा, त्याहून जास्त कशाला हे मला कळत नाही. जेवणानंतर पूर्ण ४८ तास नाही, फुगवटा दिसत असेल तर तो जाईपर्यंत नाही. डोळे निळसर-धुरकट झाले की कात निघेपर्यंत नाही, तेव्हा त्याला नीट दिसत नाही.

वेळ दिवसाची. अंधार पडला की तो शिकारीला निघतो, आणि त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. रात्रीचा ऊबदार हात म्हणजे उंदीरच. हात वास नसलेल्या साबणानं धू. झाकण उघडलं की आधी साप उचलायच्या हुकनं किंवा पेपरच्या गुंडाळीनं त्याच्या अंगाच्या मधोमध हलकं टेकव, दोन सेकंद. जेवण चिमट्यानं येतं आणि हात आला की आधी हे टेकवणं येतं, हा फरक तो काही आठवड्यांत धरतो. मग वरून नाही, बाजूनं हात घालून शरीराचा मधला भाग खालून उचल, दुसरा हात शेपटीकडं. घ्यायचं ठरलं की एका दमात घे. पुढं नेलेला हात घाबरून मागं घेतलास की तो उंदरासारखा हलतो आणि झेप येते. मान धरू नकोस, एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ दे. जमिनीवर बसूनच कर.

वेटोळं करून डोकं आत घातलं तर तो 'शांत' नाही, घाबरलेला आहे. तसाच हातावर धरून गप्प बस, मान बाहेर येऊन जीभ सावकाश आत-बाहेर व्हायला लागली की टबात ठेव. फुसकारल्यावर दचकून सोडलास तर फुसकारलं की सुटका, हे तो शिकेल. चावलाच तर ओढू नकोस, दात मागं वळलेले असतात. डोकं जरा पुढं ढकल, सोडत नसेल तर थंड पाण्याची धार धर. ओरखडे साबणानं धू, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठव. जाड हातमोजे वापर म्हणून कोणी सांगेल, मला ते पटत नाही, पकड किती घट्ट झालीय हेच कळत नाही. घातलेला टी-शर्ट टबात ठेवून वासाची सवय लावायचं बोलतात, त्यानं फारसं काही होतं असं मला वाटत नाही, करून बघायचं तर बघ.

आपल्या हवेचं वेगळं. एप्रिलमध्ये टब कोरडा पडतो, आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवायला थोडं पाणी लागतं. जुलैत उलटं, हवाच इतकी ओली की नारळाचा भुसा वाळतच नाही. तेव्हा बाजूला जास्तीची भोकं पाड, भुशाचा थर दोन बोटांपेक्षा जाड नको. तोंड उघडून श्वास किंवा नाकाशी बुडबुडे दिसले की डॉक्टरच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लाईट किती तास गेली ते घरात विचार. मॅट वीस वॅटच्या आतली असेल तर छोटा इन्व्हर्टरही पुरतो. तोही नसला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबाच्या बाहेरून लाव.

कागदांचं एक, वकील नसताना सांगतोय. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून बिल आणि त्याच्या नोंदीचा कागद आजच माग, नंतर फोन उचलत नाहीत. एका कार्यालयानं मला 'असा फॉर्मच नसतो' म्हणून तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा त्यांच्याच संगणकावर तो उघडून दाखवला तेव्हा 'बघतो' म्हणाले. स्क्रीनशॉट आणि पोचपावती छापून ठेव. आणि कुणी शेतातली धामण किंवा मांडूळ 'पाळायला' देतो म्हणाला तर सरळ नाही म्हण, आपले साप घरात ठेवणं गुन्हा आहे.

टब तू रस्त्याकडच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी ठेवलायस तेही बदल. साप जमिनीतली थरथर जबड्याच्या हाडातून घेतो, आणि गणपतीत साउंड सिस्टिम दारावरून जाईल तेव्हा तुझी खिडकी वाजेल. तो आठवडा जेवणाचा धरू नकोस. टब मागच्या खोलीत हलव, खाली फोमची शीट घाल. दर रविवारी किचनच्या काट्यावर डब्यासकट वजन कर आणि वहीत लिही. १६० ग्रॅमच्या खाली गेला तर चौदा दिवसांची वाट न बघता इथं लिही, प्रोबच्या नव्या जागेचा फोटो टाक.