गृहभेटीला जाण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

मुंबईतील गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींतील गृहभेटींचे काम तुझ्याकडे आल्याचे समजले. तुला मिळणाऱ्या अर्जात क्षेत्रफळ, सदस्यसंख्या आणि उत्पन्न यांचे रकाने असतील. ते भरच; परंतु हे कुटुंब येथे कधी आले, त्यापूर्वी कोठे राहत होते आणि त्या वेळी मूल कोणत्या इयत्तेत होते, हेही आवर्जून विचार. मुलाच्या दृष्टीने घर किती मोठे आहे याइतकेच ते कधी आणि कोठून बदलले हे महत्त्वाचे असते, आणि आपल्या कागदपत्रांत नेमके तेच सापडत नाही.

चेंबूरजवळच्या माहुलचेच पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून 2017 पासून अनेक कुटुंबांना तेथे पाठविण्यात आले. पक्की सदनिका मिळाल्यामुळे कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. प्रत्यक्षात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते, परिसरातील हवा आरोग्यास अपायकारक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नोंदविले होते, आणि आईची धुण्याभांड्याची कामे व मुलांच्या शाळा जुन्या वस्तीपाशीच राहिल्या होत्या. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलला जाण्याची सक्ती करू नये आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. निर्णय मोलाचाच होता. तरीही आपल्याकडचा भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचा असतो आणि शालेय वर्षाशी त्याला काही सोयरसुतक नसते.

लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या तुझ्या भागातील वसाहतींमध्ये भर दुपारी जा. तेथे काही इमारतींमधील अंतर जेमतेम 3 मीटर असल्याने खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. हवा खेळत नाही तेथे क्षयाचे जंतू खोलीतच रेंगाळतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने या रचनेचा आणि क्षयरोगाचा संबंध दाखविला होता. वडील आजारी पडले की रोजंदारी बुडते, देखभालखर्च थकतो, आणि मग थोरल्या मुलाला कामाला लावले जाते. अशा घराविषयी ‘पालक उदासीन’ असा शेरा कोणी मारलेला दिसला, तर तो खोडण्याचा आग्रह धर. (मला त्या शेऱ्याचा अजूनही संताप येतो.)

शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवला जाईल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखल्याला झालेला उशीर हे प्रवेश लांबविण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या कलमाची मराठी प्रत पिशवीत ठेव. हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. म्हणून नववी-दहावीच्या स्थलांतरित मुलांची नावे वेगळ्या वहीत लिही आणि जूनची वाट न पाहता जुन्या आणि नव्या अशा दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना भेट.

तुझा ज्येष्ठ सहकारी