रजा आत्ता वापरू की बाळासाठी राखून ठेवू?

पुण्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मला चौदावा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी तारीख २० जानेवारी दिली आहे. खाजगी कंपनीत पाच वर्षं झाली. एकूण पगार ६८,०००, त्यात बेसिक ३४,०००. मिस्टरांचे ५०,००० हातात येतात, घराचा हप्ता २४,००० आहे. उलट्यांनी जीव नकोसा झालाय. चिंचवडहून हिंजवडीपर्यंत कंपनीच्या बसमध्ये बसवत नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती लिहून दिली आहे. सिक लीव्ह चारच उरल्यात, ईएल (कमावलेली पगारी रजा) ३४ आहेत. एचआर म्हणतं, आधी ईएल संपवा, मग बिनपगारी घ्या, नाहीतर नोव्हेंबरातच मॅटर्निटी लीव्ह चालू करा. सासूबाई म्हणतात, एवढी दगदग कशाला, राजीनामा दे आणि रजेचे पैसे घेऊन घरी बस. काय करू?"

ताई, पहिली गोष्ट, विश्रांती घ्याच. रजा वाचवायची म्हणून त्या बसमध्ये चढू नका. तीन आठवड्यांचा खर्च कुठल्या खात्यातून करायचा, एवढाच आपला प्रश्न आहे. आणि एचआरने जी खाती सांगितली त्यात एक राहून गेलंय.

गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी कायद्यात वेगळी पगारी रजा आहे, जास्तीत जास्त एक महिना. ती २६ आठवड्यांच्या व्यतिरिक्त मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ती कलम १० मध्ये होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. बहुतेक जणी ती मागतच नाहीत, कारण कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर तिच्यासाठी रकानाच नसतो. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी मागावी लागते. दाखल्यात नुसतं 'अशक्तपणा' असं मोघम लिहून चालणार नाही. त्रास गरोदरपणामुळे आहे आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती हवी, असं स्पष्ट लिहून घ्या.

तुमच्या तीन आठवड्यांत पहिले चार दिवस सिक लीव्ह टाका. पुढचे सतरा दिवस, शनिवार-रविवार धरून, या आजारपणाच्या रजेतून घ्या. ही रजा एका दमातच संपवली पाहिजे असं कायद्यात कुठे नाही, तेव्हा बारा-तेरा दिवस तरीही शिल्लक राहतील. ते राहू द्या. बाळ वेळेआधी आलं किंवा टाक्यांचा त्रास लांबला, तर तेव्हा लागतील. तीन आठवड्यांनंतरही बरं वाटलं नाही तर काही आठवडे घरून काम मागा, आणि तेही जमलं नाही तरच ईएलला हात लावा.

आता नोव्हेंबरात मॅटर्निटी लीव्ह चालू करण्याबद्दल. हे मला अजिबात पटत नाही. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ते वाढत नाहीत. बाळंतपणाआधी त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, पण घेतलेच पाहिजेत असं नाही. तुम्ही २५ नोव्हेंबरला सुट्टीवर गेलात तर २५ मे ला रजा संपेल, तेव्हा बाळ चार महिन्यांचं असेल. डॉक्टरांच्या संमतीने ५ जानेवारीपर्यंत काम केलंत, शेवटचे काही आठवडे घरून, तर रजा ६ जुलैपर्यंत जाते. तिला ३४ ईएल जोडल्या की पाच दिवसांच्या आठवड्याने ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडतो, बाळ सात महिन्यांचं होतं. पुण्यात बरीच पाळणाघरं सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि तोपर्यंत वरचं खाणंही सुरू झालेलं असतं. मे आणि ऑगस्ट यांतला हा फरक पैशात मोजायला गेलं तर तीन महिन्यांची चोवीस तासांची बाई निघते. बाळ सहा जानेवारीच्या आधीच आलं तर रजा त्या दिवसापासून सुरू होईल, तुमचं काही बुडत नाही.

शनिवार-रविवारचा मुद्दाही लक्षात ठेवा. मॅटर्निटी लीव्हमध्ये सुट्टीचे वारही मोजले जातात आणि त्यांचे पैसेही मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच बी. शाह प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ईएलमध्ये बहुतेक पाच दिवसांच्या ऑफिसात फक्त कामाचे दिवस मोजतात. म्हणून ३४ ईएल म्हणजे कॅलेंडरवरचा दीड महिना, आणि पूर्ण पगाराने लाखाच्या वर रक्कम.

त्याच ३४ ईएल राजीनाम्यावेळी विकल्या तर? बहुतेक कंपन्या बेसिकवर हिशोब करतात. ३४,००० भागिले ३०, गुणिले ३४, म्हणजे साधारण साडेअडतीस हजार. सासूबाई काळजीपोटी बोलतात, पण त्यांच्यासमोर हा आकडा आणि दुसऱ्या बाजूला २६ आठवड्यांचा पगार ठेवा. पूर्ण पगार चालू राहिला तर चार लाखांच्या वर, अगदी किमान धरलं तरी दोन लाख. शिवाय कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम जाईल. आता नवीन पॉलिसी काढलीत तर बाळंतपणाचा खर्च प्रतीक्षा काळात अडकेल, म्हणजे या वेळी मिळणारच नाही. बाळ झाल्यावर नोकरी नको वाटली, तर तेव्हा विचार करा. आज सोडू नका.

किमान दोन लाख असं मी का म्हणालो, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या हप्त्याचा प्रश्न इथेच आहे. मातृत्व लाभ हा रजेआधीच्या तीन महिन्यांत तुम्ही ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसांच्या वेतनाच्या सरासरीवर ठरतो. मधे दोन-चार दिवस बिनपगारी गेले म्हणून ही सरासरी घसरत नाही. पण संहितेतल्या 'वेतन'च्या व्याख्येतून घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे घटक बाहेर आहेत. हे बाहेरचे घटक एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर जादा भाग वेतनात धरायचा. तुमचं बेसिक नेमकं निम्मं आहे, म्हणून कायद्याने महिन्याचे ३४,००० हा तळ. पुष्कळ कंपन्या पूर्ण पगार चालू ठेवतात, पण तुमची ठेवते का, हे आत्ताच विचारा. तळ धरला तरी तुमचे ३४ आणि मिस्टरांचे ५०, मिळून ८४,००० येतील. हप्ता जाऊन साठ हजार उरतात. ओढाताण होईल, पण हप्ता थकणार नाही. तरी डिसेंबरपर्यंत दरमहा दहा-बारा हजार बाजूला काढा आणि ते मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडातच ठेवा, शेअरमध्ये नाही. दवाखान्याचं बिल मेडिक्लेमच्या मर्यादेबाहेर गेलं तर यातूनच भरायचं आहे.

बिनपगारी रजेला घाबरू नका, पण ती शेवटची ठेवा. एक ईएल आज वापरली काय किंवा जुलैत, वाचणारे रुपये सारखेच, कामाच्या दिवसाला साधारण तीन हजार. फरक परवानगीचा आहे. जुलैत साठलेली ईएल मागणं सोपं असतं, बिनपगारी मागितली तर ती साहेबांच्या मर्जीवर. म्हणून मी ईएल राखायला सांगतोय. मात्र तुमच्या कंपनीत ३१ डिसेंबरला ईएल बुडतात का, हे पाहून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असाल तर त्याचा आधार मिळणार नाही. बुडणार असतील, तर जेवढ्या बुडतील तेवढ्या आत्ताच्या विश्रांतीत खुशाल वापरा आणि आजारपणाची रजा नंतरसाठी वाचवा. त्या एका उत्तरावर सगळा क्रम उलटतो.

(ज्यांचा पगार २१,००० किंवा त्याहून कमी आहे आणि ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जाते, त्यांना लाभ कंपनीकडून नव्हे, थेट ईएसआयसीकडून मिळतो. त्यांनी तिथल्या शाखेत चौकशी करावी.)

याच आठवड्यात एचआरला एक मेल टाका, फोनवर बोलणं पुरेसं नाही. त्यात चार गोष्टी विचारा: गरोदरपणातल्या आजारपणाची रजा अमुक तारखांना मंजूर करावी, मॅटर्निटी लीव्हमध्ये पूर्ण पगार मिळेल की कायद्यातलं वेतन, ईएल डिसेंबरला बुडतात का, आणि २६ आठवड्यांना जोडून ईएल घेता येतील का. बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांची सोय कंपनी फुकट करत नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही तुमचा हक्क आहे, तोही त्याच मेलमध्ये मागा. दाखल्याची प्रत जोडा आणि मेलची एक प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावर ठेवा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेल साहेबांना प्रत लावून पुन्हा पाठवा, आणि एचआरने रजा नाकारली तर कारण लेखी मागा, कारण कामगार खात्याकडे दाद मागायची वेळ आली तर तोच कागद लागेल.