मोंते क्रिस्ती प्रांत एवढा मागास का? मीठ आणि बकऱ्यांशिवाय तिथे काही आहे का?

'मागास' वाचलं आणि राहवलं नाही. मी मूळचा जळगावातल्या रावेरकडचा, आयुष्य गेलं जहाजावर, इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून. डॉमिनिकन रिपब्लिकच्या या कोपऱ्यातल्या मान्सानियो बंदरात आमचं जहाज तीन वेळा केळी भरायला लागलं होतं.

मीठ आहे, समुद्राकाठी मिठागरं आहेत. बकऱ्याही आहेत, रानातला ओरेगानो चरतात, त्यामुळे मटणाला आधीच मसाला लागलेला असतो म्हणतात. पाऊस कमी, निवडुंग आणि काटेरी झुडपं, पलीकडे हैती. आता मागास का, तर कोलंबसाने १४९३ मध्ये डोंगर बघून नाव दिलं, पुढे गाव वसलं, आणि लोक डच वगैरे परक्या जहाजांशी चोरून व्यापार करतात म्हणून १६०५-०६ मध्ये स्पेनच्या सरकारनेच ते उठवलं. पुन्हा माणसं आणून वसवायला दीडशे वर्षं लागली. आधी गाव उठवायचं, मग मागास म्हणायचं! क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा जाहीरनामा त्या लढ्याचे पुढारी होसे मार्ती आणि माक्सिमो गोमेझ यांनी इथेच सही केला, २५ मार्च १८९५ ला. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकन केळी कंपनी आली, तिने बंदर बांधलं, रूळ टाकले आणि काही वर्षांनी गाशा गुंडाळला.

पण खरी गोष्ट केळीची.

दुसऱ्या खेपेला दिवसभर सुट्टी मिळाली. बंदरावर माल मोजणाऱ्या एका चेकरला मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की आमच्या घरी केळी आहे. तो मला पालो वेर्देला त्याच्या मेहुण्याच्या बागेत घेऊन गेला. बाग किती? आपल्या भाषेत सात-आठ एकर. याके देल नोर्ते नदीचं पाटाचं पाणी. प्रत्येक घडावर निळी पिशवी, दांड्याला रंगीत फीत. त्या आठवड्याला निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, सगळ्या घडांना एकच रंग, म्हणजे कापायचा कोणता हे पोरालाही कळतं. कापलेला घड जमिनीला टेकू देत नाहीत. खांद्यावर गादी, तिथून तारेवरच्या आकड्याला, आकड्यावरून थेट शेडमध्ये. फण्या हौदात सोडायच्या, चीक धुवायचा, १८.१४ किलोचा खोका भरायचा. तोच खोका आमच्या कंटेनरमध्ये १३ अंशांच्या आसपास ठेवायला मी रात्रभर जागायचो. हवा कोरडी म्हणून पानांवरचा करपा रोग कमी, म्हणून सेंद्रिय जमतं. कापणी दर आठवड्याला, पैसाही दर आठवड्याला. शेतकरी संघाची फेअरट्रेड, म्हणजे रास्त भावाच्या योजनेतली, केळी असेल तर किमान भाव बांधलेला, वर खोक्यामागे एक डॉलर संघाला.

घरी येऊन काकांना फोटो दाखवले. आमच्याकडे घड बांधावर पाल्यावर रचायचे, ट्रकमध्ये कोंबायचे आणि नवतीचा, म्हणजे पहिल्या चांगल्या मालाचा, भाव व्यापाऱ्याने फोनवर सांगितला की 'बरं' म्हणायचं. शेवटच्या मालाला 'वापसी' म्हणून तो देईल ते घ्यायचं. मी म्हटलं, दहा जण मिळून एक शेड टाकू, निम्मे पैसे मी घालतो. काका म्हणाले, "बोटीवर बल्ब बदलणाऱ्याने बाग शिकवू नये. तिथे मजूर फुकट मिळत असतील." त्यावरून आम्ही दोन दिवाळ्या बोललो नाही.

आता खरं सांगायचं तर मजुरांचं काका अगदीच चुकीचं बोलले नव्हते. त्या बागांमध्ये राबणारे बहुतेक हैतीचे, कित्येकांकडे कागदपत्रं नाहीत, ते कधी हाकलले जातील याचा भरवसा नाही. डिसेंबर २००७ मध्ये ओल्गा वादळात तावेरा धरणाचे दरवाजे उघडले आणि याकेकाठची गावं-बागा पाण्याखाली गेल्या. शिवाय आपली केळी दिल्लीपर्यंत खपते, तिला बोटीची गरजच नव्हती, हेही कबूल. हल्ली रावेरहून आखातात माल जातो, तो खोक्यातूनच.

तुम्हाला फिरायला जायचं असेल तर एल मोर्रो बघा, समुद्रात घुसलेला सपाट माथ्याचा डोंगर आहे. दुपारी नको, सावली नावालाही नाही. आणि माझा चुलतभाऊ इथे वाचतो, त्याने फितीचा आणि हौदाचा भाग काकांना मोठ्याने वाचून दाखवावा. मजुरांचा दाखवला नाही तरी चालेल.