किल्ली तुझ्या खिशात नको

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नवी ख्रिस्ती मंडळी सुरू करायची आहे, वाळपईत गाळा बघून ठेवलाय, मिशन संस्था तीन वर्षांचं भाडं आणि मानधन द्यायला तयार आहे, तरी मन धजत नाही, असं लिहिलंयस. देवाच्या पाचारणाबद्दल मी बोलणार नाही. ते तू गुडघ्यांवर, प्रार्थनेत ठरवलं आहेस. मी गाळ्याबद्दल बोलतो. गाळा घेऊ नकोस. घेतलासच, तर त्याची किल्ली तुझ्या खिशात ठेवू नकोस.

साखळी गावाजवळच्या आमच्या उपासनेच्या खोलीची किल्ली अकरा वर्षं माझ्या खिशात होती. सगळी खाणपट्ट्यातली माणसं, ट्रकचालक, फिटर, त्यांचे संसार. रविवारी दार मी उघडायचो, चटया मी अंथरायचो. गीत मी सुरू करायचो, वचन मी सांगायचो, प्रभुभोजन मी द्यायचो आणि अर्पणाचे पैसेही मीच मोजायचो. लोक म्हणायचे, "पास्टर आहेत ना!" ते ऐकून मला बरं वाटायचं.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, भाड्याने राहणारी कुटुंबं आपापल्या गावी गेली. त्याच सुमारास पत्नीच्या आजारपणामुळे मला वास्कोला यावं लागलं. नाताळाच्या आत खोलीला कुलूप लागलं. सतरा माणसं अजून तिथेच राहत होती, विश्वासही तोच होता. पण त्यांतल्या एकानेही कधी प्रभुभोजनाची भाकर मोडली नव्हती. मी मोडू दिली नव्हती.

कारणं माझ्याकडे होती. बरेच जण सातवीच्या पुढे शिकलेले नव्हते. एकाची दारू सुटून वर्षही झालं नव्हतं. भलतीच शिकवण शिरेल, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. दुसरं कोण होतं तिथे सांभाळायला? पण मग बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, चौदावा अध्याय उघडतो आणि गप्प होतो. लुस्त्रात लोकांनी पौलाला आधी देव मानून बैल आणले, मग दगडमार केला. त्याच फेरीत, परतताना, त्याने लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया इथल्या मंडळ्यांत वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारे तिथलेच जाणते, नेमले, उपास-प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवलं आणि निघाला. त्या वडिलांचा विश्वास किती जुना असेल? मी अकरा वर्षांत एक वडील नेमला नाही. तू पहिल्या वर्षी नेम.

गोव्यात तर हे जास्तच लागू आहे. तू जाशील तिथे माणसं आठवणी जपून आहेत. पोर्तुगीज अमलात, १५६० मध्ये, मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून झुआरीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि १८१२ पर्यंत राहिलं. ते आपल्या पंथाने केलं नाही, असं म्हणून तू सुटणार नाहीस. शेजाऱ्याला पंथ दिसत नाहीत, क्रूस दिसतो. बाहेरच्या पैशाची खोली आणि बाहेरच्या माणसाच्या खिशात किल्ली, एवढं त्याला पुरे होतं. तीच प्रार्थना त्याच्या शेजारणीच्या पडवीत होऊ दे, मग तो निदान तिला विचारेल.

याच गोव्यात १६१६ साली राशोलला इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तकथा सांगणारं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत. ओवी जात्यावरच्या बाईच्या तोंडी बसते, तिला पाद्रीची वाट बघावी लागत नाही. अशी गीतं लोकांच्या तोंडी दे आणि बाजूला हो.

आणि ते तीन वर्षांचं भाडं! १८५४-५५ मध्ये अमेरिकेतल्या मिशन मंडळाचे सचिव रूफस अँडरसन अमेरिकन मराठी मिशनच्या पाहणीला आले तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता, की मंडळीने आपला कारभार, आपला खर्च, आपली वाढ स्वतः पाहावी. दीडशे वर्षांहून जास्त काळ हे आपल्याला ठाऊक आहे आणि तरी तू मला चेकबद्दल विचारतोस! संस्थेचं भाडं संपलं की मंडळीही संपणार, हे तिथल्या माणसांना तुझ्या आधी कळतं. म्हणून ती मंडळीला आपली म्हणत नाहीत. अर्पणाची पेटी त्यांची असू दे. पन्नास रुपये जमले तर पन्नास रुपयांत चालव.

त्या सतरांत एक अंगणवाडी सेविका होती. एकदा उपासनेत तिने वचनाचा अर्थ सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला सर्वांदेखत थांबवलं होतं. कुलूप लागल्यावर तीच चार बायकांना घेऊन दर बुधवारी आपल्या पडवीत बसू लागली. मला हे तीन वर्षांनी कळलं. आज तिथे नऊ कुटुंबं आहेत. मी गेलो तेव्हा तिने मला चटईवर जागा करून दिली. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेला उंडो, तो गोल पाव, तिच्या दिराने मोडला. ज्याची दारू सुटून वर्षही झालं नव्हतं, तोच तो. माझ्या हातात तुकडा देताना त्याचा हात थरथरत नव्हता. माझा थरथरत होता.

पुढच्या महिन्यात ये, तुला त्या पडवीत नेतो. तोवर गाळ्याचं आगाऊ भाडं देऊ नकोस. तिथे तुला कोणी बोलायला सांगणार नाही, मलाही सांगत नाहीत. जाताना साखळीच्या बाजारातून दोन चटया घेऊ. त्यांना कमी पडतात.

तुझा,
पास्टरकाका